हंगामाच्या आरंभीचे निर्णय आणि निकाल

अमेरिकेत सप्टेंबर महिना उजाडला, की तेथील व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि त्याबरोबरच मतांचाही हंगाम सुरू होतो. नॅशनल फुटबॉल लीग या संघटनेत ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ आठवड्यातून साधारणतः एकच सामना खेळतो, आणि त्यातले बहुतेक सामने रविवारी होतात. म्हणजे सामना तीन तासांचा, आणि त्यावरील चर्चा सहा दिवसांची! अमक्या खेळाडूला का वगळले, अखेरच्या मिनिटाला चेंडू लाथेने का उडवला, प्रशिक्षकाला घरी का पाठवत नाहीत, अशा प्रश्नांनी वर्तमानपत्रांचे रकाने आणि उपाहारगृहांतील टेबले सारखीच गाजतात. रविवारचा निकाल कळल्यावर सोमवारी सकाळी ‘खरे म्हणजे असे करायला हवे होते’ असे सांगणाऱ्याला तिकडे ‘सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक’ असे गमतीचे नाव आहे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाच्या चढाईचा सूत्रधार. कर्णधाराने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण पत्करले आणि कसोटी सामना गमावला, की आपल्या कट्ट्याकट्ट्यांवर जे कर्णधार निर्माण होतात, त्यांचेच हे सागरापलीकडचे भाऊबंद म्हणायचे.

या मंडळींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. खेळ पाहणाऱ्याने मत बनवू नये, तर कोणी बनवावे? परंतु मत बनवण्याच्या या रीतीत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो खेळापुरता नाही. निकालावरून निर्णयाची पारख करता येते काय? येत असल्यास किती? आणि जेथे निकालच अजून दोन-चार हाती आलेले आहेत, त्या हंगामाच्या आरंभी कितपत?

खेळाची थोडी ओळख

प्रथम हा खेळ आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे, हे ध्यानात घ्यावे. चेंडू लंबगोल असतो, आणि तो बहुधा हाती धरून पळवतात किंवा फेकतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. मैदानाची लांबी १०० यार्ड, आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा गोलप्रदेश. प्रतिपक्षाच्या गोलप्रदेशात चेंडू नेला की ६ गुण मिळतात. तेथवर पोचता आले नाही, तर उभ्या खांबांमधून लाथेने चेंडू पार करून ३ गुण घेता येतात.

आता या खेळातील खरी मेख. ज्या संघाकडे चेंडू आहे, त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चारांत दहा यार्ड झाले, की पुन्हा नवे चार. न झाले, तर चेंडू जेथे असेल तेथेच प्रतिपक्षाच्या हाती जातो. म्हणून तीन प्रयत्न निष्फळ झाले, की चौथ्या वेळी प्रशिक्षकापुढे पेच उभा राहतो. चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिपक्षाला मागे रेटावे, की उरलेले एक-दोन यार्ड मिळवण्याचा धोका पत्करावा? पहिल्यात सुरक्षितता आहे, पण चेंडू गमावणे निश्चित. दुसऱ्यात लाभ मोठा, पण फसले तर हानीही मोठी. विचाराला मिळतात अवघे ४० सेकंद, आणि उत्तर हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने द्यावे लागते. प्रत्येक निर्णय असा सुटा, उघडा आणि मोजता येण्याजोगा असल्यामुळेच निर्णय आणि निकाल यांचा संबंध तपासायला हा खेळ फार सोयीचा आहे.

एकाच रेषेवरचे दोन निर्णय

दिनांक ३० सप्टेंबर २०१८ रोजी, हंगामाच्या चौथ्या आठवड्यात, इंडियानापोलिस कोल्ट्स आणि ह्यूस्टन टेक्सन्स यांचा सामना झाला. टेक्सन्स आपले पहिले तिन्ही सामने हरून आले होते. कोल्ट्सचे प्रशिक्षक फ्रँक राइक यांचे त्या पदावरील ते पहिलेच वर्ष. निर्धारित वेळेत ३१-३१ अशी बरोबरी झाली, आणि जादा वेळेतही दोघांनी तीन-तीन गुण घेतल्याने ३४-३४ झाले. सामना संपायला २७ सेकंद असताना कोल्ट्सचा चौथा प्रयत्न आला. चेंडू त्यांच्याच ४३ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे मैदानाच्या मध्याच्या सात यार्ड अलीकडे होता, आणि हवे होते ४ यार्ड. चेंडू दूर उडवला असता, तर सामना बहुधा बरोबरीत सुटला असता. राइक यांनी प्रयत्न करण्याचे ठरवले. फेक खाली पडली. चेंडू टेक्सन्सकडे गेला, त्यांनी एका फेकीत २४ यार्ड मिळवले, आणि ३७ यार्डांवरून लाथ मारून सामना ३७-३४ असा जिंकला.

राइक यांच्यावर टीकेचा पाऊस पडला. हातची बरोबरी घालवली, नवशिक्याचा उतावळेपणा केला, असे म्हटले गेले. बचाव करणारेही होते, पण त्यांचा आवाज क्षीण होता. राइक स्वतः मात्र सामना संपताच म्हणाले, की आम्ही बरोबरीसाठी खेळत नाही, आणि असा प्रसंग दहा वेळा आला तर दहाही वेळा मी हेच करीन.

आता दुसरे चित्र पाहा. दिनांक १९ सप्टेंबर २०२१, हंगामाचा दुसरा आठवडा. बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ पहिला सामना गमावून कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध खेळत होता. अकरा गुणांची पिछाडी भरून काढून रेव्हन्सनी ३६-३५ अशी आघाडी घेतली होती. सुमारे एक मिनिट उरले असताना त्यांचा चौथा प्रयत्न आला. योगायोग असा, की चेंडू याही वेळी त्यांच्याच ४३ यार्डांच्या रेषेवर होता. हवा होता १ यार्ड. पलीकडे पॅट्रिक महोम्सच्या तोडीचा क्वार्टरबॅक वाट पाहत होता. प्रयत्न फसला असता, तर जिंकण्यासाठी त्याला दोन-तीन फेकी पुरल्या असत्या. प्रशिक्षक जॉन हार्बो यांनी सीमेवरूनच आपला क्वार्टरबॅक लामार जॅक्सन याला विचारले, की करायचे का? त्याने होकार दिला, स्वतः चेंडू घेऊन घुसला, यार्ड मिळवला आणि सामना संपला. दुसऱ्या दिवशी हार्बो यांच्या धाडसाचे आणि खेळाडूवरील विश्वासाचे पोवाडे गायले गेले.

या दोन निर्णयांत खरा फरक कोणता? एकाला १ यार्ड हवा होता, दुसऱ्याला ४. एक यार्डाचा प्रयत्न साधारणतः तीनांतून दोन वेळा साधतो, चार यार्डांचा सुमारे निम्म्या वेळा. पहिल्या प्रसंगी बरोबरी हातची जाण्याचा धोका होता, दुसऱ्या प्रसंगी विजय. तोलायचे असेल तर हे तोलावे. आमच्या मते हार्बो यांचे गणित अधिक भक्कम होते, आणि राइक यांचे वादग्रस्त असले तरी अविचारी नव्हते. पण सोमवारच्या चर्चेत हे तोलणारे थोडे, आणि यशाला शहाणपण व अपयशाला मूर्खपणा म्हणणारे फार.

पुढची हकिकत तर याहून बोलकी आहे. टीकेचे धनी झालेले कोल्ट्स पहिल्या सहांपैकी पाच सामने हरले, आणि नंतर उरलेल्या दहांपैकी नऊ जिंकून बाद फेरीत पोचले. तेथे ५ जानेवारी २०१९ रोजी त्यांनी गाठले ते त्याच टेक्सन्सना, त्यांच्याच मैदानावर, आणि २१-७ असे हरवले. ते टेक्सन्सही तीन पराभवांनंतर ओळीने नऊ सामने जिंकले होते. उलट ज्यांचे पोवाडे गायले गेले, ते रेव्हन्स दुखापतींनी जर्जर होऊन अखेरचे सहा सामने ओळीने हरले, आणि ८ विजय व ९ पराभव अशा हिशेबाने बाद फेरीबाहेर राहिले. यावरून राइक बरोबर आणि हार्बो चूक असे म्हणणे म्हणजे तीच चूक उलट्या दिशेने करणे होय. सप्टेंबरचा निकाल जसा निर्णयाचा पुरावा नव्हे, तसा जानेवारीचाही नव्हे.

गणित काय सांगते

चौथ्या प्रयत्नाचा हा पेच अंदाजावर सोडू नये, तो मोजता येतो, हा विचार जुना आहे. सिनसिनाटी बेंगल्स संघाचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर याने रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाच्या जोडीने १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मैदानावर अमुक ठिकाणी चेंडू असता सरासरीने किती गुणांची अपेक्षा धरावी, हे त्यांनी प्रत्यक्ष सामन्यांच्या नोंदींवरून काढले. पुढे बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी १९९८ ते २००० या तीन हंगामांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये आपले निष्कर्ष छापले. त्यांनी हिशेब केला तो सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशातील खेळाचा, कारण त्या वेळी घड्याळाचा आणि गुणफलकाचा दबाव सर्वांत कमी असतो. निष्कर्ष असा, की जेथे प्रयत्न करणे सरासरीने फायद्याचे होते, तेथेही संघ बहुतेक वेळा चेंडू उडवूनच मोकळे होत. म्हणजे प्रशिक्षक असावेत त्यापेक्षा फार भित्रे होते.

ते भित्रे का असावेत? ही माणसे खेळात हयात घालवलेली, अज्ञानी म्हणता येणार नाहीत. आमच्या मते याचे उत्तर सोमवारच्या चर्चेत आहे. रूढ मार्गाने जाऊन सामना हरला, तर दोष खेळाडूंना आणि नशिबाला जातो. रूढी सोडून हरला, तर दोष एकट्या प्रशिक्षकाला. ज्याची नोकरी लोकमतावर टांगलेली आहे, त्याने जिंकण्याची शक्यता वाढवण्यापेक्षा दोष टाळण्याची सोय पाहिली, तर नवल ते काय? निकालावरून न्याय करणारा समाज आपल्या कारभाऱ्यांना असे भित्रे बनवत असतो, आणि वर त्यांनाच भित्रे म्हणून हिणवतो.

हा मनाचा कल खेळापुरताच नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोघांनी १९८८ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया करावी की नाही यासारखा वैद्यकीय निर्णय त्यांनी लोकांपुढे ठेवला. निर्णयाच्या वेळी डॉक्टरला असलेली माहिती सर्वांना सारखीच सांगितली. फरक एवढाच, की काहींना रोगी वाचल्याचे सांगितले, काहींना दगावल्याचे. रोगी दगावल्याचे ऐकणाऱ्यांनी तोच निर्णय अधिक वाईट ठरवला. निकाल एकदा कानी पडला, की निर्णयाकडे निर्मळ दृष्टीने पाहणे मनाला जड जाते.

थोड्या सामन्यांचा मोह

हंगामाच्या आरंभी या दोषात आणखी एकाची भर पडते, ती म्हणजे संख्येचा तुटवडा. २०२१ पासून प्रत्येक संघाला नियमित हंगामात १७ सामने असतात, त्यापूर्वी १६ असत. आपल्या क्रिकेटपटूंना किंवा अमेरिकेतीलच बेसबॉलपटूंना जितके सामने मिळतात, त्या मानाने हे मूठभर. त्यातही चेंडू लंबगोल. तो हातून निसटून जमिनीवर पडला, की कोणत्या बाजूला उसळेल याचा नेम नाही. दोन-तीन गुणांनी सुटलेला सामना हा पुष्कळदा अशा एका उसळीचा खेळ असतो.

ॲरिझोना कार्डिनल्स या संघाने २०१२ मध्ये पहिले चारही सामने जिंकले. त्यांपैकी एक सोडला, तर बाकीचे तीन अनुक्रमे ४, २ आणि ३ गुणांनी. दोन गुणांच्या विजयात तर प्रतिपक्षाची ४२ यार्डांवरची लाथ अखेरच्या क्षणी चुकली, म्हणून तो मिळाला. पण गुणतक्त्यात विजय तो विजयच, तो कसा मिळाला याची नोंद तेथे नसते. पुढे हा संघ ओळीने नऊ सामने हरला, आणि १६ पैकी अवघ्या ५ विजयांवर त्याचा हंगाम संपला.

याच्या उलट २००३ ची गोष्ट. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी लॉयर मिलॉय या बिनीच्या बचावपटूला, वेतनकपात मान्य नसल्याने, हंगामाच्या तोंडावर संघातून मुक्त केले. तो बफेलो बिल्समध्ये गेला, आणि पाचच दिवसांनी त्याच बफेलोने पेट्रियट्सना ३१-० असे धुऊन काढले. दूरचित्रवाणीवरील एका समालोचकाने तर हे खेळाडू आपल्या प्रशिक्षकाचा द्वेष करतात, असे सांगून टाकले. पहिल्या चार सामन्यांत दोन पराभव झाले. त्यानंतर पेट्रियट्स एकही सामना हरले नाहीत. नियमित हंगामाच्या अखेरच्या सामन्यात त्यांनी बफेलोला त्याच ३१-० फरकाने हरवले, आणि सुपर बोल हा अंतिम सामना जिंकून विजेतेपद घेतले.

तर मग आरंभीचे निकाल निरर्थक मानावेत काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. सप्टेंबरमध्ये गमावलेला सामना डिसेंबरमध्ये गमावलेल्या सामन्याइतकाच महाग असतो. पहिले दोन सामने हरून अखेरीस सुपर बोल जिंकणारे संघ आजवर तीनच: १९९३ चा डॅलस काउबॉइज, २००१ चा पेट्रियट्स आणि २००७ चा न्यूयॉर्क जायंट्स. पहिले तीन हरून जिंकणारा एकही नाही. शिवाय काही पराभवांचे कारण स्वच्छ दिसत असते. १९९३ मध्ये डॅलसचा एमिट स्मिथ हा धावपटू कराराच्या वादामुळे पहिले दोन सामने खेळलाच नाही, आणि डॅलस दोन्ही हरला. मालक जेरी जोन्स यांनी तडजोड केली, स्मिथ परतला, आणि दुसऱ्या सामन्यात ज्या बफेलोने त्यांना १३-१० असे हरवले होते, त्याच बफेलोला सुपर बोलमध्ये त्यांनी ३०-१३ असे हरवले. येथे दोन पराभवांनी एक खरी उणीव दाखवली, आणि ती वेळीच भरून निघाली. निकालाकडे पाहायचे ते असे: कारण शोधण्यासाठी, शिक्षा ठोठावण्यासाठी नव्हे.

टीका केव्हा रास्त

निकाल बाजूला ठेवला, तर सगळेच निर्णय सारखे ठरतील आणि टीकेला जागाच उरणार नाही, अशी शंका कोणी घेईल. ती खरी नाही. दिनांक १२ सप्टेंबर २०२२ रोजी डेन्व्हर ब्रॉंकोज संघ सिॲटलमध्ये हंगामातील पहिला सामना खेळत होता. प्रशिक्षक नॅथनिएल हॅकेट यांचा त्या पदावरील हा पहिलाच सामना. त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन हा पूर्वी सिॲटलचाच, आणि डेन्व्हरने त्याच्यासाठी मोठी किंमत मोजलेली. डेन्व्हर एका गुणाने मागे होता. चौथ्या प्रयत्नाला ५ यार्ड हवे होते आणि सुमारे एक मिनिट उरले होते. खेळ थांबवण्याचे तिन्ही हक्क शिल्लक होते. असे असता हॅकेट यांनी घड्याळ २० सेकंदांपर्यंत वाहू दिले, आणि मग ६४ यार्डांवरून लाथ मारण्याचा पर्याय निवडला. तोवरचा विक्रम होता ६६ यार्डांचा! लाथ चुकली आणि डेन्व्हर १७-१६ असा हरला.

हा निर्णय चूक होता, पण लाथ चुकली म्हणून नव्हे. ती चुकून साधली असती, तरी तो चूकच ठरला असता. पाच यार्ड मिळवणे आणि विक्रमाला भिडणारी लाथ साधणे, यांत सोपे कोणते हे आधीच कळण्याजोगे होते. वेळ आणि थांबण्याचे हक्क हाती असता ते वापरले नाहीत, हेही निकालाआधीच दिसत होते. हॅकेट यांनी दुसऱ्याच दिवशी तसे मान्य केले. पुढच्या आठवड्यात डेन्व्हरच्या मैदानावर प्रेक्षक पाठीशी उरलेले सेकंद मोठ्याने मोजू लागले, इतका त्यांचा विश्वास उडाला होता. त्यानंतर सामन्यातील निर्णयांसाठी संघाने एक अनुभवी सल्लागार नेमला, तरी गाडी रुळावर आली नाही. १५ पैकी ११ सामने गमावल्यावर, हंगाम संपण्याआधीच, २६ डिसेंबर २०२२ रोजी हॅकेट यांना पदावरून दूर करण्यात आले.

यावरून टीकाकाराने स्वतःला विचारण्याचे तीन प्रश्न निघतात. निर्णयाच्या क्षणी कर्त्याला काय माहीत होते? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग खुले होते, आणि त्यांचे लाभ-हानीचे पारडे कसे होते? आणि निकाल उलटा लागला असता, तरी आपण हेच म्हटले असते काय? हॅकेट यांच्यावरील टीका या तिन्ही प्रश्नांना उतरते. राइक यांच्यावरील बहुतेक टीका तिसऱ्या प्रश्नापाशीच अडखळते.

प्रेक्षकाने निकालावर हसू नये वा रडू नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले तर खेळ पाहण्यात गोडी ती काय राहणार? हर्ष-खेद निकालाचा करावा, पण निवाडा निर्णयाचा करावा, आणि या दोहोंची गल्लत करू नये, एवढेच आमचे मागणे. सहकारी संस्थेचा चिटणीस, नगरपालिकेचा अभियंता, शाळेचा मुख्याध्यापक, घरातला कर्ता माणूस, या सर्वांना आपापला चौथा प्रयत्न कधी ना कधी करावाच लागतो. त्यांनी विचार करून टाकलेले पाऊल दैवयोगाने फसले, म्हणून आपण त्यांना सुळावर चढवू लागलो, तर उद्या पाऊल टाकणारेच उरणार नाहीत, चेंडू दूर उडवून स्वस्थ बसणारे तेवढे उरतील.